इस्टाडचे तीन वॉलंडर

स्वीडनच्या अगदी दक्षिण टोकाला, बाल्टिक समुद्राच्या काठी, अठरा हजारांच्या आसपास वस्तीचे इस्टाड हे बंदर आहे. ते ज्या स्कोने प्रांतात येते तो मुलूख १६५८ च्या रॉस्किल्डच्या तहापर्यंत डेन्मार्कच्या राजाचा होता, आणि तिथल्या बोलीत, घरांच्या बांधणीत अजून त्या राजवटीच्या खुणा आहेत. गावात तेराव्या शतकातला फ्रान्सिस्कन साधूंचा मठ आहे, लाकडी चौकटींत विटा भरून उभारलेली जुनी घरे आहेत आणि सेंट मेरीच्या चर्चचा उंच मनोरा आहे. या मनोऱ्यात रात्री अजूनही पहारेकरी चढतो. सव्वानऊपासून एक वाजेपर्यंत दर पाव तासाने तो चारही दिशांना शिंग फुंकतो. कुठे आग लागलेली नाही, गावाने निर्धास्त झोपावे, असा त्याचा अर्थ. बंदरातून पोलंडच्या श्वीनोउइश्च्ये गावाकडे आणि डेन्मार्कच्या बॉर्नहोम बेटाकडे फेरीबोटी सुटतात. पूर्वेला काही किलोमीटरवर कोसेबेरिया या कोळ्यांच्या वस्तीवरच्या कड्यावर ५९ शिळा जहाजाच्या आकारात उभ्या आहेत. १९९० पर्यंत बाहेरचे लोक इस्टाडला येत ते बोट पकडायला किंवा या शिळा पाहायला.

त्यानंतरच्या पंचवीस वर्षांत या गावात कागदावर आणि पडद्यावर इतके खून झाले की तेवढे खरोखर झाले असते तर वस्ती सोडून लोक पळाले असते. हे सारे खून सोडवले कुर्ट वॉलंडर नावाच्या एकाच पोलिस निरीक्षकाने. हेनिंग मान्केल या लेखकाचे हे पात्र दूरचित्रवाणीवर तीन प्रमुख नटांनी साकारले. रोल्फ लासगोर्ड आणि क्रिस्टर हेन्रिक्सन हे दोघे स्वीडिश, तिसरा ब्रिटिश केनेथ ब्रॅना. तिघांच्या मालिकांचा इतिहास पाहिला तर कादंबरी पडद्यावर जाताना काय टिकते, काय गळते आणि त्यातून एका गावाच्या पदरात काय पडते, हे बऱ्याच तपशिलात दिसते.

मान्केलच्या आधी स्वीडनमध्ये पोलिसी कादंबरीची वाट माय शोवाल आणि पेर वालो या जोडप्याने पाडली होती. १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत त्यांनी मार्टिन बेक या स्टॉकहोमच्या पोलिस अधिकाऱ्यावर दहा कादंबऱ्या लिहिल्या. दोघेही डाव्या विचारांचे. कल्याणकारी राज्य म्हणून जगभर कौतुक होत असलेल्या देशाच्या पोटात काय चालले आहे, हे दाखवायला त्यांनी गुन्ह्याची गोष्ट वापरली. सर्वज्ञ, ऐटबाज गुप्तहेराऐवजी त्यांनी सर्दी-पोटदुखीने बेजार झालेला, बायकोशी न पटणारा, कामात मात्र चिवट असा सरकारी नोकर उभा केला. बेक लवकरच पडद्यावर आला. १९६७ मध्ये पहिल्या कादंबरीवर चित्रपट निघाला. १९७३ मध्ये हॉलिवूडने दुसऱ्या एका कादंबरीतले कथानक उचलून थेट सॅन फ्रान्सिस्कोला नेले. १९७६ मध्ये बू वीडरबेरी या दिग्दर्शकाने काढलेला ‘छतावरचा माणूस’ आजही स्वीडिश पोलिसपटांमध्ये वरच्या पंक्तीत धरला जातो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला यस्ता एकमन या नटाला बेकच्या भूमिकेत घेऊन सहा चित्रपट झाले. त्यांत बेकचा दांडगट सहकारी गुन्वाल्ड लार्सन साकारला होता रोल्फ लासगोर्ड यानेच.

मान्केल १९४८ साली जन्मला आणि उत्तरेकडच्या स्वेग या लहान गावी न्यायाधीश बापाच्या घरात वाढला. तरुणपणापासून त्याची आफ्रिकेत ये-जा होती. मोझांबिकची राजधानी मापुतो येथील एक नाट्यगृह तो ऐंशीच्या दशकापासून चालवत होता. आफ्रिकेतल्या एका लांब मुक्कामानंतर तो मायदेशी परतला तेव्हा देश बदलला होता. पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांचा २८ फेब्रुवारी १९८६ च्या रात्री स्टॉकहोमच्या भर रस्त्यात खून झाला होता आणि खुनी सापडत नव्हता. पूर्व युरोप आणि पश्चिम आशियातून निर्वासित येत होते आणि त्यांच्याविषयीची कुजबुज आता उघड बोलण्यात आली होती. सप्टेंबर १९८८ मध्ये इस्टाडला लागून असलेल्या शेबू या नगरपालिकेने निर्वासितांना थारा द्यावा की नाही यावर चक्क सार्वमत घेतले आणि मतदारांनी नकार दिला. ही बातमी देशभर गाजली. मान्केलला वर्णद्वेषाबद्दल लिहायचे होते. वर्णद्वेष हाच गुन्हा आहे, मग गोष्टही गुन्ह्याचीच लिहावी, असा त्याचा साधा हिशेब होता. नायकाचे आडनाव त्याने टेलिफोनच्या डिरेक्टरीतून उचलले.

१९९१ मध्ये पहिली कादंबरी आली. मराठी वाचकांना ती ‘फेसलेस किलर्स’ या इंग्रजी नावाने मिळते. तिची सुरुवात लक्षात राहण्याजोगी आहे. जानेवारी १९९०, पहाटेचा अंधार. इस्टाडजवळच्या लुनार्प नावाच्या वाडीत एक म्हातारा शेतकरी जागा होतो. काहीतरी चुकते आहे, पण काय ते त्याला उमगत नाही. मग ध्यानात येते की शेजारच्या तबेल्यातली घोडी रोजच्यासारखी खिंकाळलेली नाही. शेजारच्या घरात म्हातारा मरून पडलेला, म्हातारी गळ्यात फास असलेल्या अवस्थेत धुगधुगी धरून. घोडीपुढे मात्र कुणीतरी गवत टाकून गेलेले. म्हातारी इस्पितळात जाते आणि मरण्यापूर्वी एकच शब्द बोलते: परदेशी. हा शब्द पोलिस ठाण्यातून वर्तमानपत्रांपर्यंत झिरपतो आणि जिल्ह्यातल्या निर्वासितांच्या छावण्यांवर हल्ले सुरू होतात. वॉलंडरला एका गुन्ह्याचे दोन गुन्हे निस्तरावे लागतात. खरा खुनी कोण, याचे उत्तरही मान्केलने वाचकाच्या सोयीचे ठेवलेले नाही. उत्तर दिशेकडच्या देशांतील सर्वोत्तम गुन्हेकथेला दिले जाणारे ‘काचेची किल्ली’ हे पारितोषिक १९९२ मध्ये सुरू झाले, आणि पहिल्याच वर्षी ते या पुस्तकाला मिळाले.

पुढच्या आठ वर्षांत मालिकेतल्या आणखी सात कादंबऱ्या आणि एक कथासंग्रह निघाला. १९९२ च्या ‘द डॉग्ज ऑफ रिगा’मध्ये समुद्रातून वाहत आलेल्या रबरी होडीत दोन प्रेते सापडतात आणि तपास सोव्हिएत सत्तेच्या तावडीतून सुटू पाहणाऱ्या लॅटव्हियात पोचतो. १९९३ च्या ‘द व्हाइट लायनेस’मध्ये नेल्सन मंडेला यांच्या खुनाचा कट शिजतो आणि त्याची एक तार इस्टाडमध्ये येऊन अडकते. जगाच्या दुसऱ्या टोकाचे पाप एका लहान बंदरात उतरते, ही मान्केलची आवडती युक्ती. इस्टाडची निवड या दृष्टीने अचूक होती. हे गाव राजधानीपासून लांब आणि पोलंड, जर्मनी, डेन्मार्कला जवळ. फेरीबोटीतून काय उतरेल ते सांगता येत नाही. या सगळ्या पुस्तकांना एकत्रित उपशीर्षक द्यायचे तर ‘स्वीडिश अस्वस्थतेच्या कादंबऱ्या’ असे देता येईल, असे त्याने नंतर लिहिले.

वॉलंडर हा माणूस म्हणून कसा आहे, हे सांगितल्याशिवाय नटांबद्दल बोलता येत नाही. पहिल्या कादंबरीत तो चाळिशी ओलांडलेला आहे. बायको मोना नुकतीच सोडून गेली आहे. मुलगी लिंडा मनात येईल तेव्हा फोन करते. तो वेळीअवेळी काहीबाही खातो, वजन वाढवतो, पुढे मधुमेह ओढवून घेतो. रात्री एकटाच मारियागाटान रस्त्यावरच्या फ्लॅटमध्ये ऑपेरा ऐकत बसतो. म्हातारा बाप चित्रकार आहे, म्हणजे आयुष्यभर एकच निसर्गचित्र काढत आला आहे. काही चित्रांत पुढे एक रानकोंबडा असतो, काहींत नसतो, एवढाच काय तो फरक. मुलाने पोलिसात नोकरी धरल्याचा राग बापाने कधी सोडलेला नाही. वॉलंडर तपासात अंतर्ज्ञानाच्या झेपा घेत नाही. तो वहीत लिहितो, बैठका घेतो, त्याच साक्षीदाराकडे पुन्हा जातो आणि आपल्या डोळ्यांसमोर काहीतरी आहे पण दिसत नाही या जाणिवेने कुढत राहतो. पानापानांवर चाललेले हे कुढणे पडद्यावर कसे आणायचे, ही तिन्ही मालिकांपुढची अडचण होती.

सर्वांत आधी पाऊल टाकले स्वीडनच्या सार्वजनिक दूरचित्रवाणीने. त्या काळात देशातली वाहिन्यांची घडी नुकतीच विस्कटली होती. दीर्घकाळ एकाच सार्वजनिक संस्थेची मक्तेदारी होती. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस उपग्रहावरून जाहिरातींवर चालणाऱ्या वाहिन्या आल्या, आणि १९९२ पासून टीव्ही-फोर ही खासगी वाहिनी साध्या अँटेनावरही दिसू लागली. परवानाशुल्कावर चालणाऱ्या संस्थेला प्रेक्षक टिकवायचे होते आणि स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या देशाबद्दल काही दाखवण्याचे कर्तव्यही पार पाडायचे होते. गाजलेली स्वीडिश गुन्हेकादंबरी ही दोन्ही कामे एकदम करत होती. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर ‘फेसलेस किलर्स’पासून सुरुवात झाली आणि २००७ पर्यंत सर्व नऊ पुस्तके लासगोर्डला घेऊन पडद्यावर आली. त्यांतल्या काही छोट्या मालिका होत्या. ‘द व्हाइट लायनेस’ मात्र १९९६ मध्ये चित्रपटगृहांसाठी बनली.

लासगोर्ड धिप्पाड, जड चालीचा. तो खुर्चीत बसला की खुर्चीची काळजी वाटावी. त्याचा वॉलंडर चिडतो, ओरडतो, हावऱ्यासारखा खातो, शरमतो. मान्केलच्या पानांवरचा शरीराने थकलेला माणूस त्याने जसाच्या तसा उभा केला. एका कादंबरीला अनेक भागांची ऐसपैस जागा मिळाल्यामुळे पोलिस ठाण्यातल्या कंटाळवाण्या बैठका, वर्तमानपत्रांचा ससेमिरा, छावणीतल्या निर्वासितांची घालमेल यांनाही वेळ देता आला. छायाचित्रण साधे, कधीकधी रुक्षही. स्कोनेचा हिवाळा जसा करडा आणि चिखलाचा असतो तसाच दिसतो. या चित्रपटांना परदेशात नंतरच्या दोघांइतके नाव मिळाले नाही. तरी कादंबरीशी इमान राखण्याच्या बाबतीत त्यांचा नंबर पहिला लागतो.

दुसरा वॉलंडर धंद्याच्या वेगळ्या गणितातून जन्मला. २००३ मध्ये ओले सोंडबेरी आणि लार्स ब्यर्कमन या निर्मात्यांबरोबर मान्केलने ‘यलो बर्ड’ ही कंपनी काढली. आपल्या पात्राचे हक्क विकून मोकळे होण्याऐवजी लेखकच निर्मितीत भागीदार झाला. कादंबऱ्या संपत आल्या होत्या, म्हणून त्याने नव्या कथांचे आराखडे पुरवले आणि पटकथाकारांनी त्यांवर चित्रपट लिहिले. पहिल्या तेरांतला पहिला, ‘बिफोर द फ्रॉस्ट’, हा तेवढा २००२ च्या कादंबरीवर आधारलेला. काही चित्रपट थिएटरांत गेले, बहुतेक डीव्हीडीवर निघाले आणि मग टीव्ही-फोरवर दाखवले गेले. जर्मन वाहिन्यांचा पैसा यात मोलाचा होता, कारण जर्मनीत वॉलंडरचा वाचकवर्ग प्रचंड होता. २००५ ते २०१३ या काळात तेरा, तेरा आणि सहा अशा तीन हप्त्यांत एकूण ३२ चित्रपट झाले.

इथेच इस्टाडचे नशीब पालटले. लासगोर्डच्या वेळी चित्रीकरणाचे पथक येई आणि काम आटोपून जाई. आता वर्षाला कित्येक चित्रपट काढायचे तर कायमचा तळ हवा. इस्टाडमधली लष्करी रेजिमेंट नव्वदच्या दशकात बंद झाली होती आणि तिच्या आवारातल्या मोठाल्या इमारती रिकाम्या पडल्या होत्या. तिथे स्टुडिओ उभा राहिला. पोलिस ठाण्याचे आतले दालन तिथे बांधले गेले. नगरपालिका आणि प्रांतिक चित्रपट निधीने पैसा घातला. बरॅकी ओस पडलेल्या गावाला सुतार, इलेक्ट्रिशियन, ड्रायव्हर, खाणावळी यांना काम देणारा नवा उद्योग मिळाला. स्टुडिओला लागून ‘सिनेतेकेत’ नावाचे प्रदर्शनही उघडले गेले.

हेन्रिक्सनचा वॉलंडर लासगोर्डच्या उलट. सडपातळ, नीटनेटका, आवाज न चढवणारा, डोळ्यांतून बोलणारा. पहिल्या हप्त्यात खरा ताण असतो तो त्याच्या आणि नव्याने पोलिसात आलेल्या लिंडाच्या नात्यात. लिंडाची भूमिका योहाना सेल्स्त्रम हिने केली होती. फेब्रुवारी २००७ मध्ये, अवघ्या ३२ व्या वर्षी तिचे निधन झाले. मान्केलने लिंडाला मध्यवर्ती धरून आणखी कादंबऱ्या योजल्या होत्या. तिच्या जाण्यानंतर त्याने तो बेत सोडून दिला. नटीच्या मृत्यूमुळे कादंबरीमालिकाच थांबावी, असे साहित्याच्या इतिहासात क्वचित घडते. पडद्यावरचे पात्र तोवर लेखकाच्या मनातल्या पात्राइतकेच खरे झाले होते, एवढे यावरून म्हणता येते. या ३२ चित्रपटांचा दर्जा मात्र सारखा नाही. दीड तासात एक खून, दोन संशयित आणि शेवटी पाठलाग असा साचा त्यांतल्या अनेकांत दिसतो, आणि स्वीडिश अस्वस्थता काही ठिकाणी पार्श्वभूमीपुरतीच उरते. नेहमीच्या पोलिसी मालिकेत आणि त्यांच्यात फरक राहतो तो हेन्रिक्सनमुळे.

तिसरा वॉलंडर इंग्रजी बोलणारा. ‘साइडट्रॅक्ड’च्या इंग्रजी भाषांतराला २००१ मध्ये ब्रिटनच्या गुन्हेकथा लेखकांच्या संघटनेचा ‘गोल्ड डॅगर’ मिळाला, तेव्हापासून ब्रिटिश निर्मात्यांचे मान्केलकडे लक्ष होते. शेक्सपिअरच्या नाटकांसाठी ख्यातनाम असलेला बेलफास्टचा केनेथ ब्रॅना या पुस्तकांचा वाचक होता. त्याने मान्केलला गाठून भूमिका मागितली. ‘लेफ्ट बँक पिक्चर्स’, ‘यलो बर्ड’ आणि ब्रॅनाची स्वतःची कंपनी एकत्र आल्या आणि बीबीसीने मालिका घेतली. पहिला चित्रपट ‘साइडट्रॅक्ड’ ३० नोव्हेंबर २००८ च्या रविवारी बीबीसी वनवर दाखवला गेला. पुढच्या दोन रविवारी ‘फायरवॉल’ आणि ‘वन स्टेप बिहाइंड’ आले.

निर्मात्यांनी एक निर्णय असा घेतला की गोष्ट इंग्लंडात आणायची नाही. बेकला सॅन फ्रान्सिस्कोला नेणाऱ्या हॉलिवूडच्या हे नेमके उलट. चित्रीकरण इस्टाडमध्येच झाले. गाड्यांच्या पाट्या, वर्तमानपत्रांचे मथळे, दारावरची नावे स्वीडिशमध्येच राहिली. नट मात्र साधे इंग्रजी बोलतात, परदेशी हेलाचे सोंग न आणता. सुरुवातीला हे खटकते. वीसेक मिनिटांत प्रेक्षक ते विसरतो. टॉम हिडलस्टन तेव्हा फारसा कुणाला माहीत नव्हता. त्याला तरुण सहकारी मार्टिनसनची भूमिका मिळाली. बाप झाला डेव्हिड वॉर्नर, आणि कॅनव्हासपुढे बसलेल्या या म्हाताऱ्याचे प्रसंग मालिकेतल्या उत्तम प्रसंगांपैकी आहेत.

‘साइडट्रॅक्ड’ची पहिली काही मिनिटे पाहिली की या मालिकेची रीत कळते. क्षितिजापर्यंत पसरलेले रेपसीडचे शेत. मोहरीच्याच कुळातले हे पीक स्कोनेत भरपूर घेतात आणि वसंताच्या अखेरीस सारा प्रांत पिवळाधमक होतो. कमरेच्या वर आलेल्या त्या फुलांत एक मुलगी भेदरून उभी. शेतकऱ्याच्या तक्रारीवरून आलेला वॉलंडर हात पुढे करून, समजुतीच्या सुरात बोलत तिच्याकडे जातो. आपण पोलिस आहोत, असे तिला धीर देण्यासाठी सांगतो. त्या शब्दानेच ती आणखी घाबरते, अंगावर पेट्रोल ओतून घेते आणि पेटवून घेते. कादंबरीत हा प्रसंग आहेच. पण तिथे त्याआधी डोमिनिकन रिपब्लिकमधल्या तिच्या गरीब बापाची प्रस्तावना आहे आणि प्रसंगाभोवती १९९४ चा उन्हाळा, फुटबॉलच्या विश्वचषकाने भारलेला देश आहे. स्वीडन त्या स्पर्धेत तिसरा आला होता आणि ठाण्यात सहकारी पैजा लावत होते. पडद्यावर यातले काहीच नाही. पिवळे शेत, निळे आभाळ, ज्वाळा आणि ब्रॅनाचा चेहरा, बस.

ही दृश्ये टिपली अँथनी डॉड मँटल याने. कोपनहेगनला राहणारा हा ब्रिटिश छायाचित्रकार डॅनिश ‘डॉग्मा’ चळवळीतल्या ‘फेस्टेन’ या चित्रपटामुळे नावाजला होता. वॉलंडरच्या थोडेच आधी तो मुंबईत होता. धारावी-जुहूच्या गल्ल्यांतून लहान डिजिटल कॅमेरा घेऊन ‘स्लमडॉग मिलियनेअर’ टिपत होता, आणि त्याच कामासाठी फेब्रुवारी २००९ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. मुंबईत त्याने कॅमेरा माणसांच्या पायांत पळवला, इस्टाडमध्ये तो जवळजवळ स्थिर ठेवला. त्या वेळी नव्याने आलेल्या ‘रेड वन’ या डिजिटल कॅमेऱ्यावर त्याने विस्तीर्ण आकाशाखाली एकटा माणूस कोपऱ्यात बसवला, किंवा चेहऱ्यावर इतका जवळून रोखला की मागचे सारे धूसर व्हावे. कादंबरीत वॉलंडरच्या मनात पानेच्या पाने चालणारे विचार इथे प्रेक्षकाने त्या दाढी वाढलेल्या, झोप उडालेल्या चेहऱ्यावर वाचायचे असतात. २००९ मध्ये मालिकेला सर्वोत्तम नाट्यमालिकेचा बाफ्टा पुरस्कार मिळाला. त्यात ब्रॅनाइतकाच वाटा मँटलचा होता.

किंमत मोजली गेली ती राजकारणाच्या बाजूने. चारशे पानांची कादंबरी नव्वद मिनिटांत बसवताना पटकथाकार आधी जे कापतो ते इतिहासाचे संदर्भ. शिवाय पुस्तके नव्वदच्या दशकातली आणि मालिका वीस वर्षांनंतरच्या वर्तमानात घडणारी. २०१२ मध्ये दाखवलेल्या ‘द डॉग्ज ऑफ रिगा’मध्ये लॅटव्हिया आहे, चित्रीकरणही तिथे झाले, पण कोसळती सोव्हिएत सत्ता कुठून आणणार? उरतो तो भ्रष्ट पोलिसांचा मामला. २०१६ च्या ‘द व्हाइट लायनेस’मध्ये तर वॉलंडर स्वतः दक्षिण आफ्रिकेत जातो आणि तिथे बेपत्ता झालेल्या एका स्वीडिश बाईचा शोध घेतो. कादंबरीचा कणा असलेला वर्णभेदी राजवटीचा शेवट मागे पडला आहे. बीबीसीची मालिका सुंदर आहे आणि उदास आहे. मान्केलची पुस्तके उदास आहेत आणि संतापलेली आहेत. तिन्ही मालिका ओळीने पाहिल्या तर लासगोर्डपासून ब्रॅनापर्यंत समाज आक्रसत जातो आणि निसर्ग पसरत जातो.

ब्रॅनाच्या यशाचा एक परिणाम कुणाच्या ध्यानीमनी नव्हता. मूळ स्वीडिश वॉलंडर कसा आहे, याचे ब्रिटिश प्रेक्षकांना कुतूहल वाटू लागले. बीबीसी फोर या लहान वाहिनीने हेन्रिक्सनचे चित्रपट उपशीर्षकांसह दाखवायला सुरुवात केली. इंग्रज प्रेक्षक खालच्या ओळी वाचत मालिका पाहत नाही, असा वाहिन्यांचा पक्का समज होता. तो खोटा ठरला. २०११ मध्ये त्याच वाहिनीवर डेन्मार्कची ‘द किलिंग’ आली, पुढच्या वर्षी ‘बोर्गन’ आणि डॅनिश-स्वीडिश भागीदारीतली ‘द ब्रिज’. शनिवारची रात्र उत्तरेकडच्या मालिकांची, अशी सवयच लागली. मधल्या काळात ‘यलो बर्ड’ने स्टीग लार्सनच्या कादंबऱ्यांवर चित्रपट काढले होते. ‘नॉर्डिक नॉयर’ हे बिरूद रूढ झाले आणि प्रकाशक, वाहिन्या, पर्यटन कंपन्या सगळेच ते वापरू लागले. पुढे भारतातही ओटीटीवर उपशीर्षकांसह या मालिका दिसू लागल्या.

इस्टाडने हा सगळा प्रकार व्यवहारी डोक्याने हाताळला. आपल्या गावाचे नाव खुनांशी जोडले जाते म्हणून कुरकुर करण्याऐवजी पर्यटन कार्यालयाने नकाशा काढला. मारियागाटान १०, हा न राहिलेल्या माणसाचा पत्ता, त्यावर ठळक आहे. वॉलंडर जिथे कॉफी घेतो ते फ्रिडोल्फ्स हे केक-पेस्ट्रीचे दुकान खरोखरच आहे आणि तिथे वॉलंडरच्या नावाची पेस्ट्री मिळते. तो ज्या कॉन्टिनेन्टल हॉटेलात जेवतो तेही जागेवर आहे. उन्हाळ्यात जुन्या अग्निशमन गाडीत बसवून पाहुण्यांना प्रेते सापडल्याच्या जागा दाखवल्या जातात. यात जर्मन पाहुण्यांचा भरणा मोठा. लेखकाने ज्या अस्वस्थतेपायी हे गाव निवडले ती या सहलीत कुठे भेटत नाही. फुलझाडांनी सजलेल्या गल्ल्या पाहताना इथे निर्वासितांच्या छावण्या जळाल्याची गोष्ट लिहिली गेली होती, हे आठवायला पुस्तकच उघडावे लागते. शेबूच्या सार्वमताची जागा अर्थातच कुठल्या नकाशात नाही.

वॉलंडरचा शेवट मान्केलने स्वतःच करून ठेवला. २००९ च्या ‘द ट्रबल्ड मॅन’मध्ये वॉलंडर साठीचा आहे. शीतयुद्धातल्या पाणबुड्यांचे एक जुने गूढ उकलत असताना त्याची स्वतःची स्मृती विझू लागते. अल्झायमरने त्याचा ताबा घेतल्याचे शेवटच्या पानांवर लेखक दोन-चार वाक्यांत सांगतो आणि थांबतो. हेन्रिक्सनने २०१३ च्या अखेरच्या हप्त्यात आणि ब्रॅनाने २०१६ मध्ये हीच विस्मृती साकारली. ब्रॅनाचा एकूण बारावा आणि अखेरचा चित्रपट ब्रिटनमध्ये दाखवला गेला तेव्हा मान्केल हयात नव्हता. ५ ऑक्टोबर २०१५ रोजी कर्करोगाने त्याचे निधन झाले होते. तोवर वॉलंडरच्या पुस्तकांच्या जगभर चार कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या.

२०२० मध्ये नेटफ्लिक्सने ‘यंग वॉलंडर’ काढली. आडाम पोल्सन या तरुण स्वीडिश नटाला घेऊन केलेली ही मालिका इंग्रजीत आहे आणि आजच्या माल्मो शहरात घडते. निर्वासितांचा प्रश्न आणि उजव्या गटांचा राग तिने पुन्हा मध्यभागी आणला, म्हणजे ज्या विषयातून हे पात्र निघाले होते तिथे ते परतले. चित्रीकरण मात्र स्वीडनमध्ये झालेच नाही. खर्चाच्या हिशेबाने माल्मोच्या जागी लिथुआनियाचे व्हिल्नियस शहर उभे केले गेले. २०२२ मधल्या दुसऱ्या हप्त्यानंतर मालिका बंद झाली.